न पाहिलेल्या दरीची किंमत

वर्गात एकदा विद्यार्थ्यांना विचारून पाहा, "तुमच्यापैकी माळढोक पक्षी कोणी पाहिला आहे?" बहुधा एकही हात वर जाणार नाही. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे या पक्ष्याचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. पण साऱ्या देशात मिळून आता दोनशेहूनही कमी माळढोक उरलेले असल्याने तो दिसणार तरी कोणाला? मग दुसरा प्रश्न विचारा, "उद्या शेवटचा माळढोक मेला, तर तुम्हाला वाईट वाटेल का?" आता बरेच हात वर होतील. तिसरा प्रश्न मात्र अवघड आहे. "वाईट का वाटेल? तो तुमच्या काय उपयोगाचा आहे?"

या तिसऱ्या प्रश्नाला मुले नाना तऱ्हेची उत्तरे देतील. कोणी अन्नसाखळीचे नाव घेईल, कोणी पुढेमागे पाहायला मिळेल असे म्हणेल. पण एखादा विद्यार्थी म्हणेल, "उपयोग नसेना का, तो असावा एवढेच." हे उत्तर बालिश वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात गेल्या साठ वर्षांत याच उत्तरावर न्यायालयांत वाद झाले आहेत, नोबेल पारितोषिक मिळवलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या समित्या बसल्या आहेत आणि कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवताना त्याचा विचार झाला आहे. अर्थशास्त्रात या मूल्याला 'अस्तित्वमूल्य' म्हणतात. एखादी नैसर्गिक गोष्ट आपण वापरत नसू, पुढे कधी वापरणारही नसू, तरी ती आहे या जाणिवेलाच आपण जी किंमत देतो, ते तिचे अस्तित्वमूल्य होय. ही कल्पना कशी जन्मली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

धरणाचा जमाखर्च

हा इतिहास मुख्यत्वे अमेरिकेतील नद्यांच्या काठी घडला. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हेच हेची नावाची एक देखणी दरी होती. १९०६ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने सॅन फ्रॅन्सिस्को शहराची राखरांगोळी झाली, तेव्हा शहराच्या पाण्यासाठी या दरीत धरण बांधण्याच्या मागणीने जोर धरला. निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर यांनी तिला कडाडून विरोध केला. वनशास्त्रज्ञ गिफर्ड पिंशो धरणाच्या बाजूचे होते. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त हित व्हावे, यासाठी निसर्गाचा शहाणपणाने वापर करणे म्हणजेच संरक्षण, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाला परवानगी देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी म्यूर वारले आणि १९२३ मध्ये धरण उभे राहिले.

या वादात धरणाच्या बाजूने आकडे होते. विरोधकांकडे फक्त भावना होती. पुढे हा फरक कायद्यातच पक्का झाला. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने असे ठरवले, की प्रकल्पापासून कोणालाही होणारा एकूण लाभ खर्चापेक्षा जास्त असेल, तरच सरकारने त्यात पडावे. सार्वजनिक पैसा उधळला जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण हिशोबाच्या वहीत काय लिहायचे? विजेला बाजारभाव होता. ओलिताखाली आलेल्या जमिनीचे पीक मोजता येत होते, टळलेल्या पुराचे नुकसानही मोजता येत होते. पाण्याखाली जाणाऱ्या दरीपुढे मात्र शून्य पडत असे. कारण दरी कोणी विकत नव्हते आणि कोणी विकत घेतही नव्हते.

या शून्याचा परिणाम काय होतो, हे कोलोरॅडो नदीवर दिसून आले. १९५० च्या सुमारास एको पार्क या ठिकाणी धरण बांधण्याचा बेत होता. 'सिएरा क्लब' आदी संस्थांनी देशभर चळवळ करून १९५६ मध्ये तो बेत हाणून पाडला. पण त्याच योजनेतील ग्लेन कॅन्यनच्या धरणाला त्यांनी विरोध केला नाही. ही दरी फारच थोड्यांनी पाहिली होती. चळवळीचे नेते डेव्हिड ब्राउअर यांनीही ती पाहिली नव्हती. पुढे त्यांनी ती पाहिली, तेव्हा वेळ निघून गेली होती. १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि दरीत पाणी चढू लागले. आपण केलेल्या त्या तडजोडीबद्दल ब्राउअर आयुष्यभर हळहळत राहिले. त्याच वर्षी या दरीच्या छायाचित्रांचे एक पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'कोणालाच ठाऊक नसलेली जागा' असा होता.

कोणालाच ठाऊक नसलेल्या जागेची किंमत शून्य मानायची काय?

दहा पानांचा लेख

वॉशिंग्टन येथील 'रिसोर्सेस फॉर द फ्यूचर' या संस्थेत जॉन क्रुटिला नावाचे अर्थशास्त्रज्ञ काम करीत असत. नद्यांवरील प्रकल्पांच्या अर्थशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता. म्हणजे धरणांच्या हिशोबाची वही त्यांना आतून माहीत होती. सप्टेंबर १९६७ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात त्यांचा जेमतेम दहा पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचा पाया घालणारा लेख म्हणून आज तो ओळखला जातो.

तोपर्यंत अर्थशास्त्रज्ञांची मुख्य काळजी कोळसा, लाकूड, धातू संपतील ही होती. क्रुटिला यांनी म्हटले, की ती काळजी आता तितकीशी उरलेली नाही. एक कच्चा माल कमी पडला, तर तंत्रज्ञान दुसरा शोधून काढते. पण तंत्रज्ञान नवी दरी घडवू शकत नाही, नामशेष झालेली जाती परत आणू शकत नाही. वस्तूंचा पुरवठा वाढत जातो, अस्सल निसर्गाचा पुरवठा मात्र फक्त घटू शकतो. शिवाय लोक जसजसे सुस्थितीत येतात, शिकतात, तसतशी त्यांची निसर्गाची ओढ वाढते. म्हणून आज केलेला नाश हा पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने आजच्या हिशोबापेक्षा कितीतरी महाग ठरणार.

त्याच लेखात त्यांनी आपल्या विषयाचा मुद्दा मांडला. एखादे अरण्य शिल्लक आहे, या केवळ जाणिवेने समाधान पावणारी पुष्कळ माणसे असतात. त्यांतली कित्येक तर प्रत्यक्ष त्या अरण्यात जायच्या कल्पनेनेच घाबरतील. पण त्यांचे समाधान खरे असते. अडचण अशी, की अरण्याचा मालक या समाधानाबद्दल त्यांच्याकडून पैसे वसूल करू शकत नाही. प्रवेशद्वारावर तिकीट लावता येते, घरी बसून आनंद मानणाऱ्याला तिकीट कसे लावणार? म्हणजे बाजारात या गोष्टीला भाव नाही, याचे कारण तिला मूल्य नाही हे नसून, ते वसूल करण्याची सोय बाजाराकडे नाही हे आहे.

याच्या तीन वर्षे आधी, १९६४ मध्ये, बर्टन वाइसब्रॉड यांनी सेक्वॉया राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घेऊन एक जवळचा मुद्दा मांडला होता. आज मी उद्यानात जात नसलो, तरी पुढे कधी जाता यावे ही वाट मोकळी राहण्यासाठी मी काही देण्यास तयार असतो. याला 'पर्यायमूल्य' म्हणता येईल. मुलाबाळांसाठी शिल्लक राहावे म्हणून दिले जाते, ते 'वारसामूल्य'. आणि यांपैकी काहीच नसताना उरते, ते अस्तित्वमूल्य. वर्गात मुलांनी दिलेली उत्तरे या तीन खणांत वाटून पाहिली, तर हा भेद चटकन लक्षात येतो.

हेल्स कॅन्यनचा निकाल

क्रुटिला यांच्या विचारांची कसोटी लवकरच लागली. आयडाहो आणि ऑरेगन या राज्यांच्या सीमेवर स्नेक नदीने हेल्स कॅन्यन ही प्रचंड घळ कोरली आहे. काठावरच्या सर्वांत उंच शिखरापासून मोजली, तर तिची खोली सुमारे २,४०० मीटर भरते. नदीवर वरच्या बाजूला तीन धरणे झाली होती. खाली 'हाय माउंटन शीप' नावाचे आणखी एक, सुमारे २०० मीटर उंचीचे धरण बांधण्याचा परवाना १९६४ मध्ये देण्यात आला. ते कोणी बांधायचे, एवढाच वाद होता. जून १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवले आणि सांगितले, की धरण कोणी बांधावे हे ठरवण्यापूर्वी, ते मुळात बांधावे की नाही हे तपासा. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी हा निर्णय लिहिला होता.

फेरसुनावणीत क्रुटिला व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच वाटेने हिशोब मांडला. घळीची किंमत किती, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. त्याऐवजी त्यांनी विचारले, की धरणाचा फायदा फिका पडण्यासाठी घळीचे मूल्य पहिल्या वर्षी निदान किती असायला हवे? धरणाचा फायदा काळाबरोबर घटत जातो, कारण नव्या तंत्राने वीज इतर मार्गांनी स्वस्त होते. वाहत्या नदीचे मूल्य मात्र वाढत जाते. हे दोन्ही धरून उत्तर आले, वर्षाला सुमारे ८० हजार डॉलर. आणि तेथे मासेमारी, शिकार व नौकाविहार यांसाठी येणाऱ्यांचाच लाभ त्यांच्या अंदाजाने सुमारे ९ लाख डॉलर होता!

यात गंमत अशी, की अस्तित्वमूल्याचा एक पैसाही त्यांना मोजावा लागला नाही. ते हिशोबाबाहेर ठेवूनही घळीचे पारडे जड ठरले. वीज स्वस्त होत जाईल, हा त्यांचा अंदाज मात्र पुढे तितकासा खरा ठरला नाही. अणुविद्युत तर १९७० नंतर महागच होत गेली. तरीही निकाल उलटावा, एवढे अंतर त्या दोन आकड्यांत नव्हते काय? होते, म्हणूनच ही पद्धत भक्कम मानली गेली. ३१ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी हेल्स कॅन्यनला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. ते धरण कधीच झाले नाही.

विचारून किंमत कळते का?

पण जेथे कोणी जातच नाही, अशा जागेचे काय? तेथे फक्त अस्तित्वमूल्यच उरते आणि ते मोजायला बाजार नाही. यावर उपाय म्हणून सिरियासी-वान्ट्रप या अर्थशास्त्रज्ञांनी १९४७ मध्येच सुचवले होते, की सरळ लोकांनाच विचारावे. १९६३ मध्ये रॉबर्ट डेव्हिस यांनी मेन राज्यातील जंगलात येणाऱ्या शिकाऱ्यांना व प्रवाशांना असे प्रश्न विचारून हार्वर्ड विद्यापीठात प्रबंध लिहिला. "या जागेसाठी तुम्ही किती द्याल?" असे विचारायचे आणि एक कल्पित बाजार उभा करायचा, अशी ही रीत. आपण तिला 'कल्पित बाजार पद्धत' म्हणू. दोन दशके ती मुख्यत्वे संशोधकांच्या लेखांतच राहिली. तिला चव्हाट्यावर आणले ते एका अपघाताने.

२४ मार्च १९८९ रोजी मध्यरात्र उलटताच 'एक्झॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत खडकावर आदळले. सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले. सुमारे २,१०० किलोमीटर किनाऱ्यावर ते पसरले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी, २,८०० समुद्री ऊदमांजरे आणि ३०० सील मेले. कोळ्यांचे नुकसान मोजता येत होते. पण जे अमेरिकन नागरिक अलास्काला कधी गेले नव्हते, जाणारही नव्हते, आणि दूरदर्शनवर तेलात माखलेले पक्षी पाहून हळहळत होते, त्यांचे काही नुकसान झाले होते का? योगायोगाने त्याच वर्षी जुलैमध्ये एका अमेरिकन अपील न्यायालयाने निर्णय दिला होता, की भरपाई ठरवताना न वापरणाऱ्यांच्या मूल्याचाही विचार करावा.

अलास्का राज्याने रिचर्ड कार्सन, रॉबर्ट मिचेल आदी संशोधकांना पाहणी करण्यास सांगितले. देशभरातील १,०४३ व्यक्तींच्या प्रत्यक्ष भेटी घेण्यात आल्या. पुन्हा असा अपघात होऊ नये म्हणून तेलवाहू जहाजांबरोबर सोबतीची जहाजे देण्याची योजना समजावून सांगून, त्यासाठी एकदाच अमुक इतका कर द्यावा लागेल. तुम्ही बाजूने मत द्याल की विरुद्ध, असे विचारले गेले. मधला आकडा आला दर कुटुंबामागे ३१ डॉलर. देशातील कुटुंबांच्या संख्येने गुणल्यावर तो झाला सुमारे २८० कोटी डॉलर. ऑक्टोबर १९९१ मध्ये सरकार व कंपनी यांच्यात दिवाणी दाव्यात ९० कोटी डॉलरवर तडजोड झाली.

दोन हजार पक्षी आणि दोन लाख पक्षी

एवढ्या रकमा पणाला लागल्यावर या पद्धतीची कसून तपासणी होणे साहजिक होते. कंपनीच्या पैशाने झालेला एक अभ्यास फार गाजला. लोकांच्या तीन गटांना विचारले गेले, की टाकाऊ तेलाच्या तळ्यांत पडून मरणारे पक्षी वाचवण्यासाठी तुम्ही किती द्याल? पहिल्या गटाला पक्ष्यांची संख्या २ हजार सांगितली, दुसऱ्याला २० हजार, तिसऱ्याला २ लाख. सरासरी उत्तरे आली अनुक्रमे ८०, ७८ आणि ८८ डॉलर! शंभरपट पक्षी वाचले, तरी किंमत जवळपास तीच. टीकाकार म्हणाले, की लोक पक्ष्यांची किंमत सांगत नाहीत. चांगल्या कामाला देणगी दिल्याचे समाधान विकत घेत आहेत. पद्धतीच्या समर्थकांनी दाखवून दिले, की त्या प्रश्नावलीत या तिन्ही संख्या 'एकूण पक्ष्यांच्या एक टक्क्याहून पुष्कळ कमी', 'एक टक्क्याहून कमी' आणि 'सुमारे दोन टक्के' अशाही सांगितल्या होत्या. ऐकणाऱ्याला त्यांत फरक तो काय वाटणार? दोन्ही बाजूंत तथ्य होते.

अखेर अमेरिकन सरकारने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल मानकऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. प्रश्न समोरासमोर विचारावेत, "किती द्याल" असे न विचारता मतदानासारखे "हो की नाही" विचारावे, खिशातून पैसे जाणार आहेत याची आठवण करून द्यावी, आणि शंका असेल तेथे कमी आकडा देणारी रीत निवडावी, असे कडक नियम समितीने घालून दिले. हे पाळले, तर न्यायालयात भरपाईची चर्चा सुरू करण्यापुरते हे आकडे विश्वासार्ह मानता येतील, असा तिचा निष्कर्ष होता. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' दुर्घटनेत तेल सांडले, तेव्हा पुन्हा अशीच पाहणी झाली. २०१७ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात प्रसिद्ध झालेला तिचा आकडा होता १,७२० कोटी डॉलर.

आपल्याकडे

ही पद्धत आपल्याकडेही वापरली गेली आहे. मुंबईच्या बोरिवली राष्ट्रीय उद्यानासाठी मुंबईकर किती देतील, याचा एक अभ्यास १९९७ मध्ये 'इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाच वर्षे दर महिना, दर कुटुंबामागे सरासरी साडेसात रुपये, असे उत्तर आले. साऱ्या शहराचा हिशोब करता त्याचे तेव्हाचे मूल्य सुमारे १०३ कोटी रुपये होत होते. उद्यानाचे त्या वेळचे अंदाजपत्रक होते १ कोटी ७० लाख रुपयांचे. लोकांच्या मनातली किंमत आणि सरकारी वहीतली किंमत यांत किती अंतर असू शकते, ते यावरून दिसते.

पण येथेच एक गंभीर आक्षेपही उभा राहतो. "किती द्याल" या प्रश्नाचे उत्तर खिशावर अवलंबून असते. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाने दोन रुपये सांगितले आणि बंगल्यात राहणाऱ्याने दोनशे, तर उद्यानावर दुसऱ्याचे प्रेम शंभरपट आहे काय? शिवाय ज्याच्या जगण्याचा आधार ते जंगल आहे, त्याला "ते राखण्यासाठी काय द्याल" असे विचारायचे, की "ते जाऊ देण्यासाठी काय घ्याल" असे? दुसऱ्या प्रश्नाला येणारे आकडे बहुधा पुष्कळ मोठे असतात, आणि कधी कधी "कितीही दिले तरी नाही" असे उत्तर येते. ते आकड्यात बसत नाही. पण म्हणून ते उत्तर नव्हे असे कसे म्हणावे?

आपल्या देवराया याचीच साक्ष देतात. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. गावोगावी देवाच्या नावाने राखलेली ही लहान जंगले. कित्येक ठिकाणी तेथील वाळलेली काटकीही कोणी उचलत नसे. येथे कोणी किंमत लावली नव्हती, एक नियम पाळला होता. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्क सॅगॉफ यांनी कल्पित बाजार पद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला आहे. माणूस बाजारात ग्राहक म्हणून वागतो आणि सभेत नागरिक म्हणून. ग्राहकाला भाव विचारावा. नागरिकाला मत विचारावे. तरीही देवराई व अस्तित्वमूल्य एकच, असे म्हणणे घाईचे होईल. देवराई आपल्या गावची असते, तेथे पाण्याचे झरे असतात, देवाचा धाकही असतो. धाक सरला, भोवतीचे लाकूड महागले, तेव्हा अनेक देवराया तुटल्या.

मग आकडा लावावा की लावू नये? न लावला, तर वहीत शून्य पडते आणि दरी बुडते. लावला, तर कोणी त्याहून मोठा आकडा घेऊन येऊ शकतो. माळढोकाच्या बाबतीत आज हेच चालले आहे. वीजवाहक तारांवर आदळून हे पक्षी मरतात, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान व गुजरातेतील त्यांच्या अधिवासात तारा जमिनीखालून नेण्यास सांगितले. सौर वीज महागेल आणि हे सगळीकडे शक्य नाही, अशी हरकत सरकारने घेतली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आधीचा आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. या वादात दोन्हीकडे निसर्गाचेच हित आहे: एकीकडे स्वच्छ वीज, दुसरीकडे एक जाती. क्रुटिला यांचा धडा येथे उपयोगी पडतो. दोन बाजूंपैकी कोणती चूक पुढे दुरुस्त करता येईल, हे आधी पाहावे. तार पुन्हा टाकता येते.

वर्गात हा विषय घ्यावयाचा असेल, तर जवळची एखादी जागा निवडा: टेकडी, तळे, जुना वड. अर्ध्या मुलांना विचारा, "ती राखण्यासाठी महिन्याच्या खाऊच्या पैशांतून किती द्याल?" उरलेल्यांना विचारा, "ती जाऊ देण्यासाठी किती घ्याल?" उत्तरे चिठ्ठ्यांवर लिहून घ्या आणि दोन्ही सरासऱ्या फळ्यावर मांडा. मग ज्यांनी आकडा लिहायलाच नकार दिला असेल, त्यांना कारण सांगू द्या. चर्चेची खरी सुरुवात तेथून होईल.